राख लावलेल्या बिया

केजच्या स्टँडवर उतरलं की अजूनही कोणी ना कोणी गाठतंच. "बाई, त्या शिताफळाच्या औषधाचं काय झालं वो?" पूर्वी मी थांबून नीट समजावून सांगायचे. आता "न्हाई झालं" एवढंच म्हणते आणि पिशवी उचलून चालू लागते. विचारणाऱ्याचं तोंड पडतं. पडू दे. तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, त्यातली निम्मी वर्षं सीताफळाच्या बिया दळण्यात गेली. हाती काय आलं, तर कोणी न वाचलेले चार शोधनिबंध आणि कायमचा दुखरा खांदा. आणि त्यापायी वैनी गेली. लोकांना औषधाचं विचारायचं असतं, वैनीचं कोणी विचारत नाही.

वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. ती लग्न होऊन आली तेव्हा मी चौथीत होते आणि माझ्या डोक्यात उवांचा बाजार भरलेला होता. नव्या नवरीनं आठ दिवसांत ते हेरलं. सीताफळाच्या बिया कुटून तिनं खोबरेलात कालवल्या, माझ्या डोळ्यांवर फडक्याची घट्ट पट्टी बांधली आणि केसांना तो लेप थापला. म्हणाली, "डोळं उघडलंस तर आंधळी हुशील बघ. हालू नको." मी तासभर दारातल्या दगडावर हूं की चूं न करता बसले. उवा साफ मेल्या. आमच्याकडं हे सगळ्या बायकांना माहीत असतं. सीताफळाचा गर खायचा आणि बी थुंकायची, बी म्हणजे विष.

पुढं मी शिकले, एम.एस्सी. झाले, पीएच.डी. झाले, कॉलेजात लागले. आमच्या समाजात छप्पन सालानंतर शिक्षणाचा जो ध्यास लागला, त्यात माझ्या वडलांनी एक एकर मुकाट्यानं विकलं होतं. त्यामुळं मी काहीतरी मोठं करावं असं घरात सगळ्यांना वाटायचं. वैनीला सगळ्यांत जास्त. ती स्वतः सातवी शिकलेली. माझ्या नावापुढं डॉक्टर लागलं तेव्हा ती वस्तीत सांगत फिरली, आणि दुसऱ्या दिवशी तीन बायका गुडघे दाखवायला आल्या. त्यांना परत पाठवताना मला नको झालं. तेव्हाच मी शहाणं व्हायला हवं होतं.

आमचं गाव युसूफ वडगावच्या बाजाराला जातं, तिथून पुढं डोंगराच्या अंगाला. पाऊस नाही झाला तर आमच्याकडं लोक दुष्काळ पडला असंसुद्धा म्हणत नाहीत. "औंदाबी तसंच" म्हणतात आणि गप्प बसतात. त्या साली तसंच होतं. टँकर एक दिवसाआड यायचा, भाऊ बैलं घेऊन चारा-छावणीत राहायला गेला होता आणि निम्मं गाव ऊसतोडीला निघालं होतं. डोंगरावर मात्र सीताफळाची झाडं उभी होती. त्यांना ना पाणी लागतं ना खत. फळं बारकी आली, पण आली. वैनीच्या पुढाकारानं गावात बायकांची सहकारी संस्था निघाली होती. डोंगरावरची फळं गोळा करायची, गर काढायचा, डबे भरून थंड ठेवायचा आणि शहरातल्या आइस्क्रीमवाल्यांना द्यायचा. आमच्या वस्तीतल्या बायकांच्या हातचा गर कोण खाईल, असं पहिल्या हंगामात गावातल्या दोघी-तिघी बोलल्या. गर डब्यात बंद झाला की तो कोणाच्या हातचा ते आइस्क्रीम खाणाऱ्याला कळत नाही, हे ध्यानात आल्यावर त्यांचं बोलणं बंद झालं. वैनीला लिहिता-वाचता येत होतं आणि भांडताही येत होतं, म्हणून अध्यक्ष तीच झाली.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले तेव्हा संस्थेच्या खोलीमागं उकिरड्यावर बियांचा काळाभोर ढीग पडलेला होता. मी तिथं उभी राहिले ती राहिलेच. उवांना मारणारं काहीतरी ह्यात आहे, आणि ते भयंकर जोरदार आहे. अशाच गोष्टींतून कॅन्सरची औषधं निघाली आहेत. आपल्या कुंडीतली सदाफुली घ्या, तिच्या पानांतून निघालेलं औषध रक्ताच्या कॅन्सरवर वापरतात. एका डोंगरी झाडाच्या सालीतून निघालेलं औषध स्तनाच्या कॅन्सरवर देतात. मुळात ही सगळी विषं. विषाचं औषध करायचं म्हणजे ते वेगळं काढायचं, मोजायचं, रोगी पेशीला मारील आणि माणसाला जगू देईल असं मापात आणायचं. एकेका औषधामागं कितीतरी लोकांचं अख्खं आयुष्य जातं आणि शंभरातली बहुतेक कामं मधेच मरतात. हे सगळं मला त्या दिवशी माहीत होतं. पुस्तकातलं माहीत असणं आणि समोर ढीग दिसणं ह्यात मात्र फरक पडतो.

"ह्या बिया फेकू नका," मी वैनीला म्हणाले.

"काय करायच्यात? परत डोक्यात उवा झाल्या का काय तुज्या?"

"झाल्यात. वाळवून ठेवा."

त्या बायकांनी बिया संस्थेच्या पत्र्यावर नुसत्या पसरल्या, वाळल्यावर खताच्या पोत्यात भरल्या आणि एसटीच्या मागच्या सीटखाली घालून मी त्या कॉलेजात आणल्या. पुढचं काम गाढवाचं. बिया कुटायच्या, त्यातलं तेल आधी काढून टाकायचं, मग स्पिरिटमध्ये भिजत घालायच्या, गाळायचं, आटवायचं. तळाला काकवीसारखा काळपट गोळा राहतो. तो काचेच्या उभ्या नळीतून थेंब थेंब सोडायचा म्हणजे त्यातली एकेक वस्तू वेगळी होऊन खाली येते. कॉलेजची वीज दिवसातून सहा तास जायची. पोतंभर बियांतून शेवटी नखावर मावेल एवढी पांढुरकी वस्तू हाती आली. ती मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पाठवली. तिथं काचेच्या ताटलीत कॅन्सरच्या पेशी वाढवतात आणि त्यांच्यावर असली वस्तू घालून बघतात.

अहवाल फेब्रुवारीत आला. पेशी मेल्या होत्या. अगदी थोड्या मात्रेत मेल्या होत्या. मी तो कागद तीनदा वाचला, स्टाफरूममध्ये कोणाला सांगावंसं वाटेना, आणि बाहेर येऊन वैनीला फोन लावला.

"म्हंजे औषध हाय का त्याच्यात?" तिनं विचारलं.

मी काय सांगायला हवं होतं? ताटलीतल्या पेशी फिनाइलनंही मरतात, हे सांगायला हवं होतं. ताटलीपासून माणसापर्यंत वीस वर्षांचा रस्ता आहे आणि तो बहुतेक वेळा मधेच बंद होतो, हे सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "हाय."

एवढाच शब्द. मला त्या दिवशी तो म्हणावासा वाटला. वडलांचं एकर डोळ्यांपुढं होतं, उन्हात डोंगर चढणाऱ्या त्या बायका होत्या आणि थोडा माझा माजही होता. खोटं कशाला बोलू.

आता सहकारातली रीत ज्यांना माहीत नाही त्यांना पुढची गोष्ट खरी वाटणार नाही. आमच्याकडं एखादी गोष्ट खरी आहे का ह्यापेक्षा तिचा ठराव झाला का, हे मोठं असतं. विहीर खोदली नसेल पण ठराव झालेला असेल, तर लोक पोहरा घेऊन जातील. सप्टेंबरात संस्थेची वार्षिक सभा झाली. मला बोलावलं होतं. समोर सतरंजीवर साठ-सत्तर बाया, माझ्या अंगावर शाल, मांडीवर नारळ. सचिव म्हणून काम बघणाऱ्या अंगणवाडीच्या बाईंनी वाचलं, "सीताफळाच्या बियांमध्ये कॅन्सर ह्या आजाराचे औषध असल्याचे सभेस समजले. त्यास ही सभा मंजुरी देत आहे." एकीनं सुचवलं, दुसरीनं अनुमोदन दिलं, सगळ्यांचे हात वर झाले, ठराव एकमतानं मंजूर. सभेनंच मंजुरी दिली म्हटल्यावर कॅन्सरची काय टाप. मला हसू येत होतं. हसू येत होतं आणि मी उठून "असं नसतं बायांनो" म्हणाले नाही. शाल उकडत होती, चहा आला, मी चहा प्यायले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी वैनी माझ्याकडं आली. सोबत बियांचं पोतं नव्हतं, म्हणून मला नवल वाटलं. दार लावून घेऊन तिनं पोलक्याची बटणं सोडली आणि माझा हात धरून डाव्या स्तनावर एका जागी ठेवला. चिंचोक्याएवढी गाठ होती. टणक, न हलणारी.

"कवापासून?"

"आखाडापासून. दुखत न्हाई काय न्हाई."

दुसऱ्याच दिवशी मी तिला डॉक्टरकडं नेलं. सुई घालून तपासलं, अहवाल आला, कॅन्सरच होता. डॉक्टर भला माणूस. समजावून म्हणाला, गाठ लहान आहे, बाहेर कुठं पसरल्यासारखी दिसत नाही, महिन्याच्या आत ऑपरेशन करा, पुढं थोडी इंजेक्शनं, बाई चांगली जगेल. त्यानं शहरातल्या मोठ्या दवाखान्याची तारीखही मिळवून दिली. म्हणजे सगळं वेळेवर होण्यासारखं होतं. फक्त वैनीनं त्या तारखेला जायला हवं होतं.

"हंगाम उरकून जाते," ती म्हणाली. "पंधरा दिस. फळं खाली पडतेत नुसती, बाया माझ्या तोंडाकडं बघायल्यात."

हंगाम उरकला. मी फोन केला. "सालं काढून ठिवलेत, गर पाठवायचाय." गर गेला. मी फोन केला. तेव्हा ती खरं बोलली.

"ऑप्रेशन करून बाईमाणसाचं काय ऱ्हातंय? तुजं औषध हाय की. तू काम कर, मी थांबते."

"वैनी, औषध व्हायला येळ लागतो."

"मग बिगीबिगी कर."

मी रागावले, ओरडले, भावाला सांगितलं. भाऊ म्हणाला, "तिचं तुला माहीत हाय. मी काय बांधून नेऊ?" हे सगळं खरं. पण मी गाडी करून गावी गेले नाही, तिला हाताला धरून दवाखान्यात बसवलं नाही. कारण माझ्याही मनात कुठंतरी एक हरामखोर विचार होता, की काय सांगावं, निघेलही लवकर. माणूस स्वतःच्या कामावर कसा फसतो ते मी स्वतःवरनं सांगते. एकीकडं "उशीर करू नका" म्हणायचं आणि दुसरीकडं नळीखाली थेंब मोजत बसायचं.

त्याच जानेवारीत जवळच्या फार्मसी कॉलेजात आमची ती पांढुरकी वस्तू कॅन्सरची गाठ वाढवलेल्या उंदरांना दिली. औषधाच्या रस्त्यातली ही पुढची पायरी. तीन दिवसांत उंदीर मागचे पाय ओढत चालायला लागले, आठवड्यात मेले. मात्रा निम्मी केली, तरी मेले. आणखी कमी केली तेव्हा जगले, पण त्यांच्या अंगावरची गाठही मजेत वाढत राहिली. म्हणजे विष विषच होतं. ते माझ्या मापात येत नव्हतं. तिथला तरुण प्राध्यापक म्हणाला, "मॅडम, रेणूत थोडा बदल करून बघावा लागेल. दहा वर्षांचं काम आहे." मी होय म्हणाले आणि बसमध्ये बसून घरी आले. गावात फोन केला तेव्हा वैनीला सांगितलं, "काम चालू हाय."

मधल्या काळात औंदाच्या बियांचं पोतं आलं होतं. म्हटलं, नव्यानं वस्तू काढू आणि बदल करून बघू. तर ह्या बियांतून काही निघेचना. तीच कृती, तेच स्पिरिट, तीच नळी. खाली उतरायचं ते निराळंच काहीतरी. पुण्याला पाठवलं तर ताटलीतल्या पेशी ढिम्म. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. मी स्पिरिट बदललं, नळीत भरायची भुकटी बदलली, स्वतःवर संशय घेतला, मदतनिसावर उगाच खेकसले. मे संपत आला. उन्हानं प्रयोगशाळेचा पत्रा तापायचा, बादलीत पाय घालून मी वही तपासत बसायचे. शेवटी जूनच्या पहिल्या आठवड्यात गावी गेले. फळात काही फरक पडला का, झाडं वेगळी घेतली का, ते बघायला.

संस्थेच्या खोलीत वैनी आणि चार बाया होत्या. वैनी वाळली होती. मी गाठीचं विचारलं तर तिनं डोळ्यांनी गप्प केलं. मग बियांचं विचारलं, तर तिचा चेहरा खुलला. आत घेऊन गेली. भिंतीकडंला एका ओळीत मोठाली मडकी मांडलेली, तोंडं शेणामातीनं लिंपलेली. एकाचं झाकण फोडून तिनं हात घातला आणि वर काढला. हात कोपरापर्यंत राखाडी झाला होता.

"हे काय?"

"राख. बाभळीची हाय, चांगली चाळून घेतलेली," एक बाई म्हणाली. "गर काढला की बी धुवायची, वल्ल्या बियालाच राख चोळायची आन दोन रोज तसंच ठिवायचं. मग वाळवून परत राखंत."

"कावून?"

"किडा लागू न्हाई म्हनून. बियाणं ठिवतेत तसं."

"मागच्या साली लावलती का?"

"तवा न्हाई. तवा उकिरड्यावरचं होतं ते, त्याला कोन राख लावतंय? ठराव झाल्यावर आमी म्हनलं आता नीट ठिवावं."

मी तिथं जमिनीवरच बसले. साबण नव्हता तेव्हा आमच्या आया राख पाण्यात कालवून कपडे धुवायच्या. राख आणि पाणी म्हणजे खार. ज्या वस्तूच्या मागं मी लागले होते तिच्या टोकाला एक कडी असते, आणि त्या कडीतच तिचा सगळा जीव. ओला खार लागला की ती कडी तुटते. पुढं मी एकाच झाडाच्या बिया दोन भाग करून तपासल्या, एक राखेतला आणि एक नुसता, तेव्हा ते पक्कं कळलं. पण त्या दिवशीही मला शंका राहिली नव्हती. फेकून दिलेलं होतं तोवर त्यात दम होता. जिवापाड जपलं आणि मेलं. चार महिने मी राखेतून विष काढायला बसले होते.

माझं डोकं फिरलं. शिकलेली भाषा गळून पडली. "कावून लावली राख? मला इचारलं का कुणी? फोन न्हाई का तुमच्याकडं? सगळं मातीत घातलं की."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. त्यांनी मला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. काय चुकलं ते त्यांना समजेना, आणि समजण्यासारखं होतं तरी काय? त्यांनी जेवढी माया करता येते तेवढी केली होती. पण मला तेव्हा दया आली नाही. मला फक्त माझे चार महिने दिसत होते.

"म्हंजे ह्या बियात औषध न्हाई?" वैनीनं विचारलं.

"न्हाई. ह्याच्यात काय न्हाई."

ती बायांना म्हणाली, "तुमी जावा गं जरा." त्या गेल्यावर तिनं कोनाड्यातला चहापत्तीचा एक डबा काढला आणि माझ्यापुढं ठेवला. आत भुकटी होती. त्याच मडक्यातली.

"मी हेच घ्यायलेय. दिवाळीपास्नं. रोज सकाळी चिमूटभर, गुळात."

मला हे माहीत नव्हतं, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. भुकटीचं माहीत नव्हतं हे खरं. पण सात-आठ महिने ती कशाच्या जोरावर थांबली आहे, हा प्रश्न मला पडायला हवा होता, आणि तो मी पडू दिला नव्हता. बियांतलं विष राखेनं मारलं होतं म्हणून ती माझ्यासमोर उभी होती. नाहीतर पाय ओढत चालली असती.

"मंग बिनराखेचं दे मला," वैनी म्हणाली. अगदी साधेपणानं. "त्याच्यात हाय म्हनतीस ना. मागल्या सालचं उरलं असंल की तुज्याकडं."

मी तिचे दोन्ही हात धरले. राखेनं भरलेले होते. "न्हाई वैनी. ते सगळ्यालाच मारतंय. उवाला मारतंय, पेशीला मारतंय, तुमाला बी मारंल. उंदरांना दिलतं आमी, समदे मेले."

"कवा?"

"जानेवारीत."

तिनं मनात महिने मोजले. जानेवारी ते जून. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होते आणि ती मोजत होती.

"आन तू आज सांगायलीस," ती म्हणाली.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं डब्याचं झाकण लावलं, तो परत कोनाड्यात ठेवला, बाहेर जाऊन रांजणातल्या उरलेल्या पाण्यात हात धुतले आणि पदराला पुसले. मग आत येऊन म्हणाली, "उद्या जाऊ म्हनतीस का परवा?"

आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळच्याच गाडीनं निघालो. सहा तासांचा प्रवास, ती खिडकीशी बसली होती. वाटेत छावण्या लागल्या, टँकरच्या रांगा लागल्या. ती कोणत्या गावात कोणाची पाव्हणी आहे एवढंच सांगत राहिली. मी दोनदा बोलायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा तिनं मला पाणी हवं का म्हणून विचारलं.

मोठ्या दवाखान्यात तपासण्यांत दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी आम्हाला आत बोलावलं. डॉक्टर तरुण होता, झोप न झालेला. त्यानं फिल्म उजेडाला लावली. गाठ लिंबाएवढी झाली होती. काखेत गेली होती, आणि फुप्फुसातही दोन ठिपके होते. ऑपरेशनची वेळ गेलेली होती. आता इंजेक्शनं देऊन रोखून धरता येईल तेवढं धरायचं. ती इंजेक्शनं पुढं दोन वर्षं चालली. तेवढी वर्षं वैनी जगली. पण तिचं काय होणार ते त्याच दिवशी त्या खोलीत ठरून गेलं होतं, आणि ते आम्हा तिघांनाही कळलं होतं.

डॉक्टरनं जुनी फाइल उलटून बघितली. पहिल्या अहवालाची तारीख त्याच्या नजरेला पडली.

"ऑक्टोबरात निदान झालंय," तो म्हणाला. "तारीख दिली होती. आठ महिने काय करत होता तुम्ही?"

वैनी म्हणाली, "गावठी औषध चालू होतं."

"कसलं?"

"बियांचं."

"कोणी दिलं?"

वैनीनं माझ्याकडं बघितलं नाही. समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाली, "हाय आमच्याकडचा एक म्हातारा. मेला आता."

डॉक्टरनं पेन टेबलावर टाकलं. "असल्या अडाण्यांपायी रोज एक बाई अशी येते माझ्याकडं," तो म्हणाला. "रोज." मग पेन उचलून लिहायला लागला.

"म्हातारा नाही," मी म्हणाले. "औषध आहे असं मी सांगितलं होतं."

"गप बस," वैनी हळूच म्हणाली.

डॉक्टरनं मान वर केली. माझी साडी, चष्मा, मांडीवरची पर्स बघितली. "तुम्ही कोण ह्यांच्या?"

"नणंद."

"शिक्षण?"

"पीएच.डी. रसायनशास्त्र."

त्यानं मान खाली घातली आणि केसपेपरवर 'गावठी औषध' एवढंच लिहिलं.